यादीत वाढवलेली ओळ

"त्या दिवशी जसं भरलं होतं, तसंच भरा," गोपाळ म्हणाला. "मी मधे बोलत नाही."

सविता सिस्टर खुर्चीच्या कडेवर टेकली. नऊ दिवस तिला घरी बसवलं होतं. तिनं एक खोटा पेशंट तयार केला. 'चालत नसलेली औषधं' या रकान्यात आधी एका गोळीचं नाव भरून सेव्ह केलं. मग त्याच यादीत खाली पेनिसिलिन वाढवलं आणि पुन्हा सेव्ह केलं. पडद्यावर दोन्ही नावं लाल अक्षरांत आली.

"असंच दिसलं हुतं मला. देवाशप्पत, असंच."

नऊ दिवसांपूर्वी गंगाखेडच्या या दवाखान्यात पोखर्णीची चतुराबाई गेली. काटा रुतून पाय सुजला म्हणून भरती झालेली बाई. दुपारी सविताची पाळी संपली. पुढच्या सिस्टरनं वॉर्डातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर यादी बघितली, तिथं पेनिसिलिन नव्हतं. तिनं इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत म्हातारीचा श्वास अडकला. सवितानं नोंद केलीच नाही, असं कॉम्प्युटर सांगत होता. आणि माणूस खोटं बोलतो, कॉम्प्युटर बोलत नाही, हे दवाखान्यात सगळ्यांनी न विचारताच मान्य करून टाकलं होतं.

हा प्रोग्राम गोपाळनं तीन वर्षांपूर्वी पुण्यात बसून लिहिलेला. इथल्या डॉक्टर अण्णारावांशी त्याची ओळख फोनवरचीच. काल त्यांनी फोन केला तेव्हा हा माणूस यायला दोन दिवस तरी लावेल असं त्यांना वाटलं होतं. तो आज सकाळीच दारात उभा. "इकडंच होतो," एवढंच म्हणाला. चहा नको म्हणाला. पंख्याखाली बसूनही त्यानं डोक्यावरची टोपी काढली नाही.

"पेनिसिलिन चालत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

सवितानं पर्समधून एक चिठ्ठी काढली. वहीचा कागद, चार घड्यांवर झिजलेला.

"म्हातारीच्या चंचीत हुती. भरती झाल्यावर तासाभरानं तिला आठवलं. म्हणली, मला वाचाय येत न्हाई, पर दवाखान्यात गेलं की दाखव म्हणून लेकानं लिहून दिलंय. मी बघितलं आन् लगेच भरलं."

कागदाला तंबाखूचा वास येत होता. 'आईला पेनिसिलिन देऊ नये.' गोपाळ ती एवढीशी ओळ बराच वेळ वाचत राहिला.

"ही मी ठेवू?"

"नगं सर." सवितानं हात पुढं केला. "एवढाच पुरावा हाय माझ्याकडं. दहावा झाला की तिचा लेक येणार म्हणायलेत सगळे. मला सोडणार न्हाई तो. दोन लेकरं हायत मला, कुठं तोंड दाखवू?"

त्यानं चिठ्ठी परत दिली. मग प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला आणि तोच खोटा पेशंट काढला.

यादीत एकच नाव होतं. पेनिसिलिन गेलं होतं.

सविता तोंडावर पदर धरून रडायला लागली. गोपाळनं तिला रडू दिलं.

"तुमची चूक नाही," तो मग म्हणाला. "यादी म्हणजे एक पिशवी समजा. पिशवीच बदलली तर प्रोग्रामला कळतं आणि तो डेटाबेसमध्ये लिहितो. त्याच पिशवीत आणखी काही टाकलं तर त्याला कळत नाही. त्याला वाटतं, पिशवी तीच आहे, लिहायचं काय? तुमच्या पडद्यावर दिसतं, पण आत काहीच जात नाही. हे त्याला बजावायला एक ओळ लिहावी लागते. ती लिहायची राहिली."

"मी दिवाळीतच कळवलं हुतं," सविता डोळे पुसत म्हणाली. "नोंद गायब होयलीय म्हणून. तुमच्याकडूनच उत्तर आलं, स्टाफला नीट शिकवा."

"हो," गोपाळ म्हणाला. "मीच पाठवलं होतं."

एवढ्यात डॉक्टर आत आले. त्यांनी दोघांचे चेहरे बघितले आणि दार लोटून घेतलं.

"सापडलं?"

"प्रोग्रामची चूक आहे. लिहून देतो."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "जरा विचार करा. वीस दवाखान्यांत तुमचा प्रोग्राम चालतो म्हणता. सगळा धंदा बसेल. शिवाय पोलीस. सिस्टरची नजरचूक म्हटलं तर प्रकरण इथल्या इथं मिटतं. हिला मी दुसरीकडं चिकटवून देतो."

सवितानं मान खाली घातली. चिठ्ठी तिच्या मुठीत होती.

"शंका आली तशी वीस दवाखान्यांना सकाळीच कळवलंय, यादी कागदावर ठेवा म्हणून," गोपाळ म्हणाला. "कागद द्या."

तो पेननं लिहू लागला. काय चुकलं, कुठं चुकलं, कुणी लिहिलं होतं, दिवाळीत कुणी कळवलं होतं आणि काय उत्तर मिळालं होतं. पान भरलं. बाहेर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज येत होता. सविता त्याच्या लिहिण्याकडं बघत होती. बघता बघता तिनं मूठ उघडली, चिठ्ठी सरळ केली आणि पुन्हा त्याच्या पानावरच्या अक्षराकडं बघितलं.

"लिहिलंत, ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "पण उद्या दहावा आहे. परवा तिचा मुलगा इथं येऊन उभा राहील. त्याला काय, हा कागद दाखवू मी?"

गोपाळनं खाली तारीख टाकली, सही केली. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. डोक्यावरचे केस साफ उतरवलेले होते.

"त्यानंच लिहिलाय, डॉक्टर."