फाटकावरचा फोटो

आमच्या डोंगराळ भागातल्या गावांत आता माणसांपेक्षा दारांवर लावलेले मृतांचे कागदच जास्त आहेत. फोटो, नाव, दोन तारखा. दरवर्षी घरच्यांनी नवा कागद लावायचा, अशी इकडची रीत.

आई चौतिसाव्या वर्षी गेली. फुलाफुलांच्या रुमालातला तिचा हसरा फोटो मीच फाटकावर ठोकला आणि स्पेनला गेले. परतले ती तीस वर्षांनी. गल्लीत मिरच्या भाजल्याचा वास आईच्या वेळचाच होता.

कागदही तोच होता, माझ्या हातचे चार खिळे तसेच. फक्त फोटोतल्या आईचे रुमालाखालचे केस पांढरे झाले होते.

शेजारची स्तोयना मावशी शेंगा सोलत होती.

“आलीस एकदाची! बघ, वाट पाहून पाहून किती थकलीय,” ती फोटोकडे मान करून म्हणाली. “आता फार दिवस नाही काढायची ती.”