नुसता सराव

"एवढं एक काढून टाका," दादा तिसऱ्यांदा म्हणाले.

माहितीपट करणाऱ्या बाईने चित्र थांबवलं. पडद्यावर दादाच दिसत होते. एका हाताने लाल दिवा मालवत होते, दुसऱ्या हाताने गुपचूप ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरू करत होते. चोर पकडला जावा तसे ते तिथेच थिजले होते.

दादा तीस वर्षं इतरांच्या गाण्यांचे अल्बम करत आले होते. कोणतं वाद्य कुठे वाजेल, कोणता सूर राहील आणि कोणता पुसला जाईल, हे सगळं त्यांच्या हातात. नाव मात्र वेष्टणाच्या मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात. त्यांना तेच बरं वाटायचं. त्यांच्या कामाची पद्धत टिपायला ही बाई आठ महिने कॅमेरा घेऊन स्टुडिओत ठाण मांडून होती. पहिले दोन महिने दादा पासपोर्टच्या फोटोतल्यासारखे ताठ बसले. मग ते कॅमेरा विसरले आणि तिथेच घात झाला. त्यांचं एकुलतं एक गुपित तिच्या हाती लागलं.

गुपित साधं होतं. गायिका काचेपलीकडे उभी राहायची. दादा पंखा बंद करायचे, कारण त्याची घरघर माइकमध्ये शिरते. ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागायचा, आणि दुसऱ्या कडव्यात ती हमखास अडखळायची. मग दादा दिवा मालवून म्हणायचे, "राहू दे. एकदा नुसता सराव करू." ती मान डोलवायची आणि अशी गायची की दादांच्या अंगावर काटा यायचा. यंत्र चालूच असायचं. पुढे पुन्हा दिवा लावून दोनतीनदा गाणं घेतलं जायचं, पण अल्बमवर जायचा तो हा सराव. बिचारीला दिव्याची धास्ती आहे, असं दादांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

"काका, हे काढलं तर उरतं काय? एक गृहस्थ दीड तास बटणं फिरवतोय," ती बाई म्हणाली.

दादांना ते पटत होतं, म्हणून ते उगाच दुसरीकडे दोष काढू लागले. दिवा लागतो तिथे हातांचं दृश्य थरथरतंय, कॅमेरा नीट धरायला हवा होता, असं त्यांनी सुनावलं.

"कॅमेरा स्टँडवर होता, काका."

दादांचं तिकडे लक्ष नव्हतं. परवा गायिका यायची होती, अल्बममधलं शेवटचं गाणं करायला. तिने हा माहितीपट पाहिला, की सव्वीस वर्षं या माणसाने आपल्याला फसवलं हे तिला कळणार. त्यानंतर ती त्यांच्यासमोर तोंड तरी उघडेल का? अखेर त्या बाईने एक तोड काढली. दादांनी स्वतःच गायिकेला सांगायचं. ती नको म्हणाली तर तो भाग कापायचा.

दोन दिवस दादांना घास गोड लागला नाही. सांगून एकदाचे मोकळे व्हा, भाजीत मीठ नव्हतं तेही तुम्हाला कळलं नाही, असं बायको म्हणाली.

गायिका नेहमीसारखी कोमट पाण्याचा थर्मास घेऊन आली. आल्या आल्या तिने विचारलं, आज चेहरा असा का, दाढ दुखतेय का? दादा हसल्यासारखं करून आपल्या खुर्चीत बसले. गाणं झाल्यावर सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. सवयीने पंखा बंद केला. दिव्याच्या बटणावर हात ठेवला. मग त्यांना वाटलं, आता गाऊन घेतलं आणि नंतर सांगितलं, तर ती आणखी एक फसवणूक होईल. ते उठले, जड दार ढकलून तिच्या खोलीत गेले आणि तिच्याकडे न बघता, समोरच्या गाण्याच्या कागदाकडे बघत सगळं सांगून टाकलं. दिवा मालवल्यावरही यंत्र चालू असायचं हे सांगितलं. आजवरचं प्रत्येक गाणं सरावाचं आहे हेही सांगितलं. माहितीपटातून तो भाग काढायला लावतो, असंही म्हणाले.

गायिकेने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. पदराने कपाळ टिपलं.

"दादा, नुसत्या सरावाला पंखा कोण बंद ठेवतं?"

खोलीत एकच स्टूल होतं. दादा त्यावर बसले.

"म्हणजे तुला ठाऊक होतं? कधीपासून?"

"दुसऱ्या गाण्यापासून. घामाने कळलं." ती थोडी हसली. "पहिल्या गाण्यात मात्र मी खरंच चुकले होते हं."

खोलीत उकडत होतं, पण पंखा लावायचं दोघांनाही सुचलं नाही. दादांनी चाचरत विचारलं, "मग पुढे दरवेळी दुसऱ्या कडव्यात अडखळायचीस, ते काय होतं?"

तिने थर्मासच्या झाकणात पाणी ओतून त्यांच्या हातात दिलं. झाकण हलत होतं. तिने खालून हळूच आधार दिला.

"लाल दिवा लागला की काचेतून तुमचे हात दिसायचे, दादा. असेच थरथरायचे. सराव म्हटलं की शांत व्हायचे. म्हणून मी चुकायचे."