श्वास कोंडून कातलेली कडी

"हे कुणाच्या बापाला खरं वाटणार नाही," तात्या म्हणाले, "पण ही कडी मी श्वास कोंडून कातली. श्वास सोडला असता तर उडून गेली असती."

घड्याळजींनी पितळेची कडी चिमट्यात धरून उजेडाकडे केली. अंगठीपेक्षा लहान, कागदासारखी पातळ. एका जुन्या घड्याळात बसायची होती. मागच्या खेपेला चहाचा कप उचलताना तात्यांनी निम्मा चहा बशीत सांडला होता. ते घड्याळजींनी पाहिलं होतं, आणि त्यांनी पाहिलं हे तात्यांनी पाहिलं होतं. हे एकच गिऱ्हाईक उरलेलं. ते गेलं की मागच्या खोलीतलं धातू कातायचं लेथ मशीन चादरीखाली जायचं. म्हणून तात्यांचा उजवा हात आज काखेत होता आणि तोंड मोकाट सुटलं होतं. तसे ते खोटं बोलत नसत. खऱ्यात जरा हवा भरत.

"एवढी पातळ वस्तू मशीनच्या जबड्यात, चकमध्ये आवळली की दबते. सोडल्यावर गोल राहत नाही," ते म्हणाले. "म्हणून लाखेनं ठोकळ्यावर चिकटवली. तेवढ्यात खिडकीत मांजर शिंकलं. कडी सुटली ती थेट वर. पंख्याखाली तरंगतेय आपली. मी खाली बशी धरून उभा. शेवटी एका माशीला दया आली. ती कडीवर बसली, तेव्हा कुठे वजनानं कडी खाली उतरली."

"माशी फार जड होती का?"

"छे, उपाशी होती. म्हणून तर वेळ लागला."

दारात तात्यांची बायको चष्मा पुसत उभी होती. "पुरे आता," ती म्हणाली. "भाऊजींना कडी बघायचीय, माशी नाही."

"तू गप. तुला यातलं काय कळतं?"

ती चष्मा चढवून कडीकडे बघत राहिली.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. कडी सावकाश फिरवली. आतल्या कडेवरून नख नेलं, पुन्हा एकदा नेलं. तात्यांनी हात काखेत आणखी दाबला.

"माप बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"माप बरोबर आहे. पण तात्या, ही तुम्ही केलेली नाही." घड्याळजींनी भिंग काढलं नाही. "तुमच्या कडीला आतून धार राहते. बोट कापतं. इतकी वर्षं दुकानात नेऊन मीच ती गुपचूप घासत आलोय. हिची धार आधीच मोडलेली आहे."

मग भिंग खिशात टाकून ते दाराकडे वळले.

"वहिनी, दुसरी कधी देताय?"