अळणी पान

"काका, तुम्ही इथं नाही हं. तुमचं पान आत आहे, स्वयंपाकघरात."

श्यामकाका नुकतेच पाटावर मांडी घालून बसले होते. मुलुंडच्या त्या बिऱ्हाडात विद्याधरकडे सत्यनारायण होता. पूजा आटपली होती, नैवेद्य दाखवायचा तेवढा राहिला होता, आणि म्हातारी मंडळी गॅलरीतल्या पंगतीत आधीच जागा धरून बसली होती.

"अगं मृणालिनी, बसू दे ना. मी भलतंसलतं काही खाणार नाही. नुसता बसतो."

"बारशालाही नुसतेच बसला होतात!" विद्याधरची बायको कमरेला पदर खोचून उभी होती. "कुणी आग्रह केला की झालं. तीन जिलब्या, वर लोणच्याच्या फोडी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला तर पारा दोनशेवर! आता त्यांनी मलाच बजावलंय."

शेजारच्या पाटावरचे दत्ताराम हसले. "उठा हो श्यामराव. वहिनींपुढे कुणाचं चाललंय?"

तिचं एक अक्षर खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. लघवीत साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "नुसती साखर असती तर निभावलं असतं. ती येताना प्रेशरला सोबत घेऊन आलीय. दोघं मिळून डोळे खातील, मूत्रपिंडं खातील." साखर बंद, मीठ बंद, सर्पगंधेची नवी निघालेली गोळी सुरू. काकांना तेव्हा हसू आलं होतं. आजारालासुद्धा सोबत लागते म्हणे! रोज सकाळी स्पिरिटच्या दिव्यावर लघवी तपासायची काचेची नळी धरून ते रंग बघत. विटकरी झाला, म्हणजे साखर निघाली, की जीव खाली-वर व्हायचा. निळा राहिला तर तो दाखवायला घरात कुणी नव्हतं. सुनंदा असती तर नवऱ्याबरोबर तिनंही अळणीच खाल्लं असतं, आणि वर "मला मेलं मीठ सोसतच नाही" अशी थाप मारली असती. तिच्या माघारी आठ महिने काका एकटेच अळणी रांधत होते आणि एकटेच जेवत होते. आज चार माणसांत बसायला मिळणार म्हणून त्यांनी कालच धोतर धुऊन ठेवलं होतं.

ते उठले. दत्ताराम लगेच सरकून ऐसपैस बसले.

स्वयंपाकघरात पाट होता, तांब्या-भांडं होतं. पान नव्हतं.

"अगं, माझं पान कुठाय?"

"हे काय, फळीवर झाकून..." मृणालिनी थबकली. फळी रिकामी होती. तिनं घाईघाईनं फडताळ उघडलं. मांजराच्या भीतीनं आत ठेवलेलं देवाचं पान तसंच होतं. बाहेर घंटा वाजून थांबली. "अगं बाई!"

तेवढ्यात सोवळं सावरत विद्याधर आत आला. हातात पान, भातावर तुळशीपत्र. "झाला नैवेद्य. वाढा आता पटापट, लोक खोळंबलेत."

"अहो, हे कुठलं पान नेलंत?"

"फळीवरचं. मीठ वाढलेलं नव्हतं ना त्यात. माणसाच्या पानात पहिलं मीठ पडतं, नैवेद्याच्याच पानात नसतं. मग?"

"अहो, ते काकांचं! भातात मीठ नाही, वरणात नाही, भाजीत नाही. गोडाचा कण नाही. वाट लावलीत! भरल्या घरात देवाला अळणी जेवू घातलंत!"

विद्याधरचा चेहरा खर्रकन उतरला. प्रसादाचा शिरा चौरंगापुढे होताच, त्यामुळे पानात गोड नाही हे भटजींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मृणालिनीनं फडताळातलं पान त्याच्या हाती दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हे दाखवा पुन्हा. आणि माफी मागा त्याची."

"दाखवा खुशाल," काका पाटावर बसत म्हणाले. "पण ते पहिलं इकडे द्या."

"गार झालंय ते, काका. मी दुसरं वाढते."

"दुसरं नको. हेच दे."

विद्याधर पळाला. जरा वेळानं पुन्हा घंटा झाली आणि गॅलरीतून हाका सुरू झाल्या, "मीठ कुठाय? मीठ आणा आधी!" मृणालिनीनं मिठाची वाटी उचलली आणि दारातच थांबली.

"काका, देव काय म्हणत असेल हो? मला तर काही सुचत नाहीये."

काकांनी तुळशीचं पान उचलून कपाळाला लावलं.

"काही म्हणत नसेल, पोरी. आठ महिने हे अन्न मी एकटा गिळतोय. आज पहिल्यांदा माझ्या पानावर कुणीतरी जेवून गेलं."

बाहेरून पुन्हा मिठाची हाक आली. वाटी हातात धरून मृणालिनी तशीच उभी राहिली.