तीनशे अकरा

अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या त्या जुन्या स्कॉटिश दफनभूमीत बारा ओळींत तीनशे अकरा थडगी होती. सगळी पूर्वेकडे तोंड करून. तिसरी ओळ तर अख्खी मॅक्लाउड भावकीची. निवृत्त संख्याशास्त्रज्ञ देवदत्तकाकांनी एकूण एक मोजली आणि विजयी मुद्रेने ते बाकावर बसलेल्या नीलांबरीकाकूंकडे आले.

"मला तीनशे दहा मिळाली," काकू म्हणाल्या.

"शक्यच नाही!"

"मग करा की डबल चेक."

बायपासनंतर डॉक्टरांनी रोज तीन हजार पावलं चालायला सांगितलं होतं. दोन महिन्यांत काकांची मजल सोफा ते फ्रिज यापलीकडे गेली नव्हती. आकड्यातली चूक मात्र त्यांना स्वस्थ बसू देत नसे. तणतणत त्यांनी दुसरी फेरी मारली, मग तिसरी.

"तीनशे अकराच! अगं, पण तू बाकावरून उठलीस कधी?"

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दोन हजार आठशे सत्तर.

"अहो, त्या ओकच्या झाडामागचं एक धरलंत का?"

काकांनीही घड्याळातला आकडा पाहिला. मग हसले आणि झाडाकडे चालू लागले.

झाडामागे थडगी शून्य. परत आल्यावर घड्याळात पावलं तीन हजार सेहेचाळीस.