आखूड दांड्याची कुदळ

भंगारातून हौसेनं आणलेली ती कुदळ नेमकी कशासाठी घडवली असेल, याचा छडा शालिग्रामला उन्हाळ्यापासून लागत नव्हता. लोखंडावर लष्करी बाणाची खूण होती. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला टोक. पण दांडा इतका आखूड, की उभ्यानं खणायला गेलं तर कंबरडं मोडायचं. आणि तो दांडा सावलीत ठेवला तरी कोमट लागायचा, आत्ताच कुणी हातातून खाली ठेवल्यासारखा.

खंडेनवमीच्या सकाळी त्याच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, अंगणात सगळी अवजारं पुजली. त्या दांड्यालाही ओली हळद माखली. आज अवजारांना विसावा, कुणी हात लावायचा नाही.

कुदळीकडे बघता बघता शालिग्रामच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. तो तिथंच पालथा पडला आणि रिकाम्या हातांनी खणून दाखवू लागला.

"पाह्य वं! हे निजून खंदाचं हाय. गोळीबार चालू झाला का शिपाई असाच पडल्या पडल्या आपल्यापुरता खड्डा करे."

"हाव, आता जमलं," ओट्यावर बसलेली पुष्पाबाई हसली.

धूळ झटकत तो खुशीत उठला, वळला. तिचं हसू तिथंच थांबलं.

"अहो, तुमच्या पाठीवर शाबासकी कोनं देल्ली?"

"तूच असशीन."

तिनं आपला धुतलेला, लहानसा हात पुढे केला. शर्टावरचा पिवळा पंजा चांगला रुंद होता, अजून ओला. दांड्यावरची हळद मुठीएवढी पुसली गेली होती.

शालिग्रामनं हात मागे नेऊन पाठ चाचपली.

शर्ट तेवढ्याच जागी कोमट होता.