वैमानिकाची खोली

पडद्यावर ‘मागील भागांत काय घडलं’ अशी अक्षरं उमटली आणि ताईने बटण दाबून ती उडवून लावली. काय घडलं ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. इतके दिवस ती तेच उगाळत बसली होती.

अंतराळयानाचा हा खेळ तीन भागांचा. पहिल्या भागात आपण कप्तान व्हायचं आणि यानावरच्या माणसांना आपल्या पसंतीचे चेहरे द्यायचे. तीच माणसं पुढच्या भागांत येतात. मेलेला मात्र मेला. ताई आणि तिचा धाकटा भाऊ एकाच सोफ्यावर बसून आळीपाळीने खेळायचे. ताईचं काम कवळ्या बनवण्याचं, त्यामुळे माणसाचा जबडा तिच्या हातात बसलेला. तिने डॉक्टरला बाबांचा चेहरा दिला. बाबांना जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. डावीकडे किंचित कललेली हनुवटी, बोलण्याआधी वर जाणारी एक भुवई, सगळं हुबेहूब. भावाने वैमानिकाला स्वतःचा चेहरा दिला आणि कान हळूच लहान करून घेतले. ताईने ते पुन्हा होते तसे सुपासारखे केले. दोघं पोट धरून हसले होते.

मग दुसऱ्या भागाच्या शेवटी, ताई कामावर गेलेली असताना, भाऊ एकटाच पुढे खेळला आणि त्याने डॉक्टरला पेटलेल्या इंजिनात पाठवलं. यान वाचलं, डॉक्टर जळाला. “अगं, खेळ आहे तो,” भाऊ म्हणाला. त्या वाक्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तो खेळाचं यंत्र घेऊन वेगळा राहायला गेला, तेव्हाही नाही. दोघांचे निरोप इकडून तिकडे नेऊन आईच्या चपला झिजल्या.

आता शेवटचा भाग आला होता. भावाने यंत्र आईच्या हाती पाठवून दिलं. शेवट ताईने खेळावा, एवढाच निरोप होता. आईला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. ताईला वाटलं, सावज आपल्या पायांनी दारात आलं. बाबांना दुसऱ्यांदा मारणाऱ्याला तिला रडवायचं होतं, आणि तो लंबकर्ण वैमानिक आता तिच्या हुकमात होता.

एका फटक्यात मारायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. आधी छळायचं. तिने वैमानिकाच्या नावावरची पदकं काढून घेतली. “जशी आज्ञा, कप्तान,” यानाची यंत्रणा म्हणाली. तिने त्याच्या खोलीतली ऊब बंद केली, मग ती खोलीच भंगार ठेवायला देऊन टाकली. जशी आज्ञा, कप्तान. तो स्वतः कुठे दिसेना. त्याची खुर्ची रिकामी होती आणि यान आपोआप चाललं होतं. दवाखान्याकडे ती फिरकलीच नाही; डॉक्टरावाचूनचा दवाखाना तिला बघवला नसता. कामाच्या वेळी बरोबर गायब, असं ती दातओठ खात पुटपुटली. कपड्यांच्या घड्या घालता घालता आईने कोण म्हणून विचारलं, तर तुझा लाडका, एवढंच उत्तर मिळालं.

दुपार कलली तेव्हा शेवटची चढाई आली. एकाने छोटं विमान घेऊन शत्रूच्या यानावर आदळायचं होतं. गेलेला परत येणार नव्हता. ताई याच घडीची वाट बघत होती. तिने वैमानिकाला हजर करायचा हुकूम सोडला आणि सोफ्यावर सरसावून बसली.

दार उघडलं. आत आला तो डॉक्टर होता.

हनुवटी डावीकडे कललेली. हा जबडा तिने स्वतः घडवला होता, ओळखण्यात चूक होणं शक्यच नव्हतं. आई हातातली घडी अर्धी टाकून पडद्याकडे बघत राहिली.

“वैमानिक आता कुठला, कप्तान?” डॉक्टर म्हणाला. “इंजिनात आम्हा दोघांपैकी एकाला पाठवायचं होतं. मी निघालोही होतो. तुम्ही त्याला पाठवलंत. का, ते मला अजून कळलेलं नाही.”

या खेळात मेलेल्याला उठवायचा एकच मार्ग होता. अख्खा भाग पुसायचा आणि पहिल्यापासून पुन्हा खेळायचा. एका जागी घटकाभर न टिकणारा तिचा भाऊ हे करेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. पण तो त्या इंजिनाच्या दारापर्यंत पुन्हा आला होता आणि या खेपेला त्याने आपला चेहरा आत पाठवला होता. ती दिवसभर ज्याचा सूड उगवत होती, तो कधीच जळून गेला होता. तिला स्वतःची लाज वाटली. इतका जपलेला राग आता कुठे ठेवावा, हेही तिला कळेना.

डॉक्टर भुवई उंचावून उभा होता. त्याच्या पायांपाशी कप्तानाने द्यायची उत्तरं मांडलेली होती. तुमची जास्त गरज होती. तो स्वतःहून तयार झाला. आठवत नाही. तिला एकही दाबवेना. तेव्हा कप्तान ती नव्हतीच.

तिने फोन लावला. भाऊ क्रेन चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशीही कामावर असायचा. त्याने उचलल्यावर तिने त्याला ‘कशी आहेस’ एवढंही विचारू दिलं नाही.

“बाबा विचारतायत, इंजिनात वैमानिकाला का पाठवलं,” ती म्हणाली. “काय सांगू?”

पलीकडे क्रेनची घरघर थांबली.

“सांग त्यांना,” भाऊ म्हणाला, “ताई बोलत नव्हती.”